खडकावरची गावे

याद वाशेम हे होलोकॉस्टचे स्मारक जेरुसलेमच्या पश्चिम भागात, हर्झल टेकडीवर आहे. इस्रायलच्या संसदेने १९५३ साली कायदा करून ते स्थापन केले. पनवेल, पेण, अलिबाग इथून गेलेली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कुटुंबे आता पिढ्यान्‌पिढ्या इस्रायलमध्ये राहतात. इकडचे नातेवाईक त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले, की पश्चिम भिंतीबरोबर याद वाशेमलाही त्यांना नेले जाते. प्रवेश विनामूल्य आहे. शनिवारी सगळे बंद असते. दहा वर्षांखालच्या मुलांना संग्रहालयात सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे.

कोकणातल्या ज्यूंचा इतिहास मात्र तिथे मांडलेल्या इतिहासापेक्षा फार वेगळा. हा समाज रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवत असे. धर्माने विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यावरून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या सुट्टीची शेजाऱ्यांनी घेतलेली नोंद एवढीच. तिच्यापायी कोणाचे घर जळले नाही. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग पेटवली गेली, तेव्हा पनवेलच्या सिनेगॉगला कोणाचे भय नव्हते. युरोपातल्या छळाची खबर महाराष्ट्रात निर्वासितांबरोबर आली. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ मध्येच ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती.

याद वाशेमची आजची संग्रहालयाची इमारत २००५ मध्ये खुली झाली. वास्तुशिल्पी मोशे साफदी यांनी टेकडीच्या पोटातून आरपार जाणारे त्रिकोणी छेदाचे लांबलचक काँक्रीटचे दालन बांधले आहे. पाहणाऱ्याला सरळ चालत सुटता येत नाही. वाट वळणावळणाने दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून नेते. शेवटी नामदालन आहे. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक आणि परिचित यांनी भरून दिलेली साक्षपत्रे तिथे जपली आहेत. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे ५० लाख नावे आजवर नोंदली गेली आहेत. जिथे अख्खे कुटुंब गेले, तिथे पत्र भरायला कोण उरणार, हा हिशेब उरलेल्या आकड्यातच आहे.

कोकणच्या माणसाने खरे थांबावे ते बाहेर, ‘समूहांच्या दरी’त. खडक खोदून केलेल्या या जागेत १०७ भिंतींवर पाच हजारांहून अधिक ज्यू वस्त्यांची नावे कोरली आहेत. पोलंड, लिथुआनिया, हंगेरी, ग्रीस. मोठी शहरे आणि लहान खेडी. पेणकर, केहिमकर, पनवेलकर अशी आडनावे बाळगणाऱ्याला गावाच्या नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्याचे गाव त्याच्या नावातून समुद्रापार गेले. भिंतीवरच्या बहुतेक गावांत मात्र नाव पुढे नेणारी वस्तीच उरली नाही. कोकणातली ज्यू घरेही १९४८ नंतर रिकामी झाली. पण ती स्वतःहून निघाली, सामान बांधून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन. दोन्हीकडे आज सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणे कठीण, पण तेवढ्यावरून दोन्ही कहाण्या एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

बेने इस्रायलांच्या इस्रायलशी असलेल्या नात्यात एक सल आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत त्यांच्या वंशाची चौकशी लावली. युरोपातल्या ज्यूंना वंशाच्या चौकशीने कुठे नेले, हे ज्या देशाला पुरते ठाऊक होते, तिथेच मराठी ज्यूंना धरणे धरून आपले ज्यूपण मान्य करून घ्यावे लागले. १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. त्यानंतर वाढलेल्या पिढ्या शाळेत होलोकॉस्ट शिकतात, काही मुले शाळेच्या सहलीबरोबर पोलंडमधल्या छावण्याही पाहून येतात. त्यांच्यापुरता तो आता घरचाच इतिहास आहे.

याच कुटुंबांची उलट दिशेची यात्रा अलिबागजवळच्या नवगावला असते. परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथे पुरले. जागेवर स्मारक उभे आहे. नावांची यादी तिथे नाही. बुडालेल्यांपैकी एकाचेही नाव परंपरेने राखलेले नाही.