मोठा अर्धा

"मला मोठा अर्धा हवा." रव्याचा लाडू ताटलीत येण्यापूर्वीच आमच्या पाच वर्षांच्या लेकीने ही मागणी नोंदवली आणि आम्ही उभयता हसलो. अर्धा कधी मोठा नसतो आणि लहानही नसतो. दोन्ही भाग सारखे असतील तरच त्यांना अर्धे म्हणायचे, असे आम्ही तिला समजावले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आई काल बाबाला म्हणाली, मोठा अर्धा तू घे. ते कसं?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरात आम्ही सारेच हा शब्द सैलपणे वापरत आलो होतो. अर्धी पोळी म्हणजे मोडलेली पोळी, अर्धा कप चहा म्हणजे पाहुण्याचा संकोच, आणि अर्ध्या तासात येतो म्हणजे केव्हातरी येतो. मुले शब्दांचे अर्थ आपल्या व्याख्यांतून घेत नाहीत, आपल्या वापरातून घेतात. आमची व्याख्या आणि आमचा वापर यांत अंतर होते, आणि ते तिने नेमके हेरले होते.

शाळेत अपूर्णांक यायला अद्याप अवकाश होता. तरीही उत्साहाच्या भरात आम्ही बाजारातून सरावाची एक वही आणली. वहीत वर्तुळे होती. ज्याचा अर्धा भाग रंगवला आहे अशा वर्तुळावर खूण करायची होती. काही वर्तुळांतली रेघ मुद्दामच मध्यापासून सरकवलेली होती. लेकीने झाडून साऱ्या वर्तुळांवर खुणा केल्या. "दोन भाग आहेत, एक रंगवलाय. म्हणजे अर्धा." आम्ही चूक म्हणालो. पुन्हा चूक म्हणालो. तिसऱ्या खेपेस तिने वही मिटली आणि सांगितले, "मला हे येत नाही."

पाच वर्षांच्या मुलीने हे वाक्य इतक्या खात्रीने उच्चारावे, हा अपराध निःसंशय आमचा होता. रात्री विचार करताना लक्षात आले, की तिची चूक निर्बुद्धपणाची नव्हतीच. गेली दोन वर्षे आम्ही तिला मोजायला शिकवत होतो, आणि मोजण्यात आकाराला किंमत नसते. लहान केळेही एक, मोठे केळेही एकच. आता अकस्मात आम्ही तिला सांगत होतो, की नुसते मोजून भागणार नाही, भाग सारखेही हवेत. ज्या नियमावर तिने आजवर शाबासकी मिळवली, तोच अपुरा ठरत होता, आणि हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना मातीचा केक बाहुल्यांमध्ये वाटायला दिला होता. दोन भाग करणे त्या मानाने लवकर जमे, तीन भाग मात्र फार अवघड जात. काही लहान मुले हवे तितके तुकडे कापून उरलेला केक तसाच सोडून देत. आमच्याकडे थालीपिठाच्या बाबतीत हुबेहूब असेच घडले. "तिघांना दे," म्हटल्यावर लेकीने तीन लहान तुकडे कापले आणि निम्म्याहून अधिक थालीपीठ तव्यावरच राहिले. ते कोणाचे, असे विचारता ती म्हणाली, "ते उरलंय." संपूर्ण वस्तू वाटून संपली पाहिजे, हीही शिकण्याची गोष्ट आहे, हे आम्हालाही तेव्हाच उमगले.

वही मग कपाटात गेली आणि अभ्यास ओट्यापाशी आला. घडीची पोळी ही या विषयाची उत्तम शिक्षिका आहे. लाटलेल्या चकतीला तेल लावून ती दुमडायची. कडेवर कड बसली की अर्धी झाली. पुन्हा दुमडली की चतकोर. लेकीने घडी उलगडून पाहिली तेव्हा एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चार सारखे भाग तिच्यासमोर होते. सारखेपणाचा पुरावा नजरेत नसून जुळलेल्या कडांत असतो, हे कोणी न सांगता तिला कळले. तीन भागांना मात्र घडी दाद देईना. तेथे बारा शेंगदाणे कामी आले. बारा हा उदार आकडा आहे. दोघांत सहा, तिघांत चार, चौघांत तीन, आणि उरत काहीच नाही. "घावन तिघांत खायचं की चौघांत?" या प्रश्नावर प्रथम ती "चौघांत" म्हणाली, कारण चार मोठे. प्रत्यक्ष तुकडा हातात आल्यावर तिचा चेहरा पडला. खाणारे वाढले की वाटा घटतो, हा धडा तिने मग कधी विसरला नाही.

या साऱ्यात आजी मूकपणे भाग घेत होत्या. त्यांचे प्राथमिक शिक्षण 1957 सालच्या दशमान नाण्यांपूर्वीचे, म्हणजे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असतानाचे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी त्यांना आजही मुखोद्गत आहे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी पाउणकी त्या भाजी निवडताना म्हणत आणि लेक मागोमाग म्हणे. पावकिलोतला पाव आणि पावभाजीतला पाव एकच का, असे तिने विचारले, तेव्हा दुसरा पाव पोर्तुगीजांकडून आला, त्याचा चौथ्या भागाशी संबंध नाही, हे सांगताना आम्हालाही मौज वाटली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी डब्यात एकच पुरणपोळी उरली होती. "मला नको, तुम्ही खा," आजी नेहमीप्रमाणे म्हणाल्या. आम्हीही नेहमीप्रमाणे ते ऐकून घेतले. लेकीने मात्र बोटांवर मोजले: आई, बाबा, आजी, मी. पोळी हलकेच दोनदा दुमडून तिने घडीवर सुरी चालवली आणि चार ताटल्यांत चार चतकोर ठेवले. आम्ही शाबास म्हणालो. तेवढ्यात आजींनी आपला चतकोर उचलून नातीच्या ताटलीत ठेवला.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. "आजी, असं नको ना करूस! आता माझी अर्धी झाली आणि तुझी काहीच नाही. मी बरोबर कापली होती."

पाव आणि पाव मिळून अर्धा होतो, ही बेरीज आम्ही तिला शिकवलेली नव्हती. तिकडे आमचे लक्षही त्या क्षणी गेले नाही. आम्ही आजींकडे पाहत होतो. औटकीपर्यंत सारे पाढे पाठ असलेल्या या बाईने इतक्या वर्षांत स्वतःचा भाग कधी मोजून घेतला असेल, असे आम्हाला आठवेना. उरले तर खायचे, हाच त्यांचा हिशेब. आम्ही त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो होतो, कारण तसे म्हणणे आमच्या सोयीचे होते. वही मिटणाऱ्या मुलीची चूक आम्हाला एका रात्रीत कळली. ही चूक कळायला पाच वर्षांची मुलगी मध्ये यावी लागली.

आजी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आपला चतकोर परत घेतला, त्यावर थोडे तूप घातले आणि सावकाश खाल्ला.

आता घरात काही वाटायचे झाले, की लेक सुरी मागण्याआधी विचारते, "किती जण आहोत?" आजींचे "मला नको" अजून सुटलेले नाही. पण ताटल्या चार मांडल्या जातात, आणि मोठा अर्धा हा शब्दप्रयोग आम्ही दोघेही जपून वापरतो.