मालवणहून ताईला

मालवण, सोमवार

प्रिय ताई,

आज दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. मासळी विकून झाल्यावर एक आजी टोपली पालथी घालून बोलत बसल्या. त्यांचे यजमान मुंबईच्या गोदीत होते. "घोवाचा पत्र दुसऱ्याकडसून वाचून घेवक लाज वाटायची," म्हणाल्या. साक्षरतेच्या वर्गाला त्या गेल्या त्या एवढ्यासाठी. दिवसभर मासळी विकायची आणि रात्री कंदिलाभोवती बसून अक्षरं गिरवायची.

तू वर्ध्यात वर्ग घेत होतीस, त्याच सुमाराची ही गोष्ट. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोहीम अंगावर घेणाऱ्या जिल्ह्यांत वर्ध्याबरोबर सिंधुदुर्गही होता. त्याच तीन पुस्तिका, तेच बिनपगारी शिकवणं. आजींनी मला वर्तमानपत्राचा मथळा मोठ्यानं वाचून दाखवला. मला भरून आलं.

मालवण, बुधवार

रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली याच मालवणात जन्मले. संस्कृतचा एवढा मोठा पंडित या गावानं दिला, आणि त्यानंतर दीडशे वर्षांनीही इथल्या मासे विकणाऱ्या बाईला मनीऑर्डरीवर अंगठा उठवावा लागत होता. विद्या गावात होती, पण तिच्या दारापर्यंत ती कुणी नेली नाही. लाओसमध्येही पूर्वी मुलगे विहारात भिक्खूंकडून लिहायला-वाचायला शिकत आणि मुलींना तिथे जागा नसे. पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं, हे सगळीकडे आधीच ठरलेलं.

इथे ते बदललं त्यात मुंबईच्या पैशाचा वाटा मोठा आहे. अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांच्या नावाचं हायस्कूल इथे आहे, भंडारी समाजानं उभं केलेलंही आहे. गाव सोडून गेलेल्यांनी गावाला शाळा दिल्या. चाकरमान्यांच्या पत्रांनी तर घराघरात वाचण्याची गरजच निर्माण केली.

तरी २०११ च्या जनगणनेचे आकडे बघ. जिल्ह्याची साक्षरता साडेपंच्याऐंशी टक्के. पुरुष ९१ च्या वर, स्त्रिया ८० च्या आत. आणि हा जिल्हा पुरुषांपेक्षा बायका जास्त असलेला! घर, शेत, बाजार ज्या चालवतात, त्याच मागे राहिल्या.

कुडाळ, शुक्रवार

आज एका वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पाहिली. स्वच्छ वर्ग, भिंतीवर मुलांची चित्रं आणि पटावर मोजकी मुलं. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं; पण पास झालेली मुलं मुंबई-पुण्याला जातात, तिथेच संसार थाटतात आणि त्यांची मुलं तिकडच्या शाळेत बसतात. मग इकडे पट कमी म्हणून शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते.

मला हे मुळीच पटत नाही. दूरच्या शाळेपर्यंतची पायवाट पावसाळ्यात ओढ्यातून जाते. तिथे पहिलीतलं पोर एकटं कसं जाणार? आणि घरी ठेवायची वेळ आली, तर आधी मुलगीच राहील. चार मुलांसाठीसुद्धा शाळा चालायला हवी, खर्च कितीही येवो.

तुझ्या वर्गाच्या जुन्या पुस्तिका ट्रंकेत असतील तर मालवणच्या पत्त्यावर पाठव. आजींची धाकटी जाऊ अजून अंगठा उठवते. आजी म्हणाल्या, तिला मीच शिकवीन.

तुझी,
सुमन