पत्ता सापडेना!

बॉस, फ्रीलान्सचं पहिलं काम म्हणजे पैसे कमी, पण कॉलर एकदम टाइट! २०११ मध्ये मला मिळालं ते पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या साइटचं. एकच लांबलचक पान. वर मेनू : हॉल, जेवण, फोटो, पत्ता. क्लिक केलं की पान खाली त्या जागी जाणार. यासाठी खरं तर काहीच करावं लागत नाही. लिंकमध्ये हॅश टाकून त्या जागेचं नाव लिहिलं की झालं, सगळे ब्राउझर बिनतक्रार उडी मारतात. पण उडी? छे! मला हवं होतं अलगद घसरत जाणारं पान. जेक्वेरी हाताशी होतंच. उडी बंद केली, ८०० मिलिसेकंदांचं अॅनिमेशन लावलं आणि फायरफॉक्समध्ये ते नुसतीच बघत बसले. सॉल्लिड!

डेमोच्या दिवशी मालक काकांनी मुलाचा मॅक उघडला. सफारी. 'पत्ता'वर क्लिक. पान ढिम्म.

"अगं पोरी, पत्ताच सापडला नाही तर वऱ्हाड पोचणार कुठे?"

चेक अर्थातच लांबला. रात्री ऑफिसातून येऊन शोधत बसले, तेव्हा घोळ कळला. फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्स्प्लोरर पान सरकवायचे ते 'एचटीएमएल' या बाहेरच्या डब्याला धरून. सफारी आणि तेव्हाचा क्रोम मात्र त्याच्या आतल्या 'बॉडी'ला धरून. मी सांगितलं होतं फक्त बाहेरच्याला. म्हणजे निरोप सासूबाईंकडे आणि कारभार सूनबाईंकडे! मग तेव्हा सगळेच करायचे तेच केलं, दोघांनाही सांगितलं. सफारी हलली. पण स्क्रोल संपल्यावर चौकशीचा फॉर्म उघडायचा होता, तो आता दोनदा उघडायला लागला. 'काम झालं' असं दोघंही वेगवेगळं कळवत होते ना! त्यावर 'आधीच उघडलाय का बघ' अशी अट घातली, तोवर पहाटेचे ३ वाजले होते.

चेक मिळाला. आईला कौतुकाने साइट दाखवली. तिला व्हर्टिगोचा त्रास. म्हणाली, "छान आहे गं, पण पान असं पळवू नकोस, गरगरतं मला." मी हसण्यावारी नेलं. काकांचं ऐकून रात्र जागवली होती, आईचं ऐकून एक ओळ बदलली नाही. हे अजून खुपतं.

आता हे सगळं सीएसएसच्या एका ओळीत होतं. क्रोममध्ये २०१७ पासून, सफारीत २०२२ पासून. गेल्या वर्षी काकांच्या मुलाने साइट नव्याने करायला दिली, तेव्हा जुना कोड उडवला आणि ती ओळ टाकली. तीही अटीवर : ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायचं सेटिंग केलंय, त्यांच्याकडे आपली साधी उडी. आईच्या फोनमध्ये ते मीच करून दिलं.

तिने 'पत्ता'वर टिचकी मारली. पान टुणकन पोचलं.

"हां, आता बरंय. पण काय गं, फोटो अजून तेच जुने?"