भिंतीवरची वायर, भिंतीतली वायर

रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या जुन्या घरांत वायर भिंतीवर असायची. लाकडी पट्टी, तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने ठोकलेल्या क्लिपा, आणि ओटीवरून माजघरात, माजघरातून पडवीत गेलेली वायरची जोडी. गणपतीआधी भिंतीला चुना काढताना कुंचला पट्टीवरूनही फिरायचा, म्हणून वर्षावर्षाचे थर तिच्यावर चढलेले असत. कोयनेचं पोफळीचं वीजगृह १९६२ पासून आमच्याच जिल्ह्यात वीज तयार करत होतं, पण वाडीत खांब यायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. एवढी वाट पाहायला लावून आलेल्या विजेचा घरातला रस्ता पोराटोरांनाही तोंडपाठ होता.

आता भिंत गुळगुळीत असते. वायर प्लॅस्टरच्या आत, पीव्हीसीच्या पाइपातून जाते. दिवा लागेनासा झाला की आम्ही बल्ब बदलतो, बटण बदलतो आणि मग भिंतीकडे बघत राहतो. एमसीबी जागच्या जागी असतो. शॉर्ट सर्किट झालं किंवा भार वाढला तर तो पडेल, पण वायर आतल्या आत नुसती तुटली तर त्याला पत्ताही लागत नाही.

तेव्हा दिवा गेला की अख्खं घर कामाला लागे. वायरमन टेस्टर आणि दोन वायरी जोडलेला बल्बचा होल्डर घेऊन यायचा. स्टूल धरायला एक जण, बॅटरी दाखवायला एक जण, आणि मेन स्विचपाशी घरातलं सगळ्यांत भरवशाचं माणूस. "बंद कर!" "केलं!" "आता लाव!" "लावलं. आला काय?" "नाय आला!" ओटी ते माजघर ही हाकाटी चाले. वायरमन पट्टीच्या कडेने नजर फिरवत जायचा आणि क्लिप गंजलेली किंवा उंदराने वायर कुरतडलेली दिसली की थांबायचा. कुठलं तरी बटण चालू असताना टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटला, तर म्हणायचा, "न्यूट्रल तुटली. करंट बल्बातून फिरून मागे येतोय." शाळेत सर्किट शिकायच्या आधी आम्ही ते असं शिकलो.

पण ती वायरिंग चांगली होती असं कोणी म्हणू नये. रबराचं वेष्टण कडक होऊन तडकायचं. अ‍ॅल्युमिनियमची तार स्क्रूखाली सैल होऊन तापायची, आणि पट्टीला वाळवी लागायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात ओल धरलेल्या भिंतीला हात लागला तरी झिणझिण्या येत. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे घरोघरी होते, आणि अर्थिंग तर कित्येक घरांत नव्हतंच. आजचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, अंगातून करंट जमिनीत जाऊ लागला की क्षणात पुरवठा तोडतो. तो तेव्हा असता तर कितीतरी माणसं वाचली असती.

आजचा वायरमन एकटा येतो, आणि एकटाच काम उरकतो. पेनासारखा टेस्टर भिंतीवरून सरकवतो आणि त्याचा आवाज थांबला की तूट जवळपास आहे असं धरतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर तो भलतीकडेही वाजतो. मग मधला जॉइंट बॉक्स उघडायचा. तिथे सप्लाय असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. पुष्कळदा बिघाड वायरीत नसतोच, बॉक्समधल्या सैल जॉइंटात असतो. पण तो बॉक्सच रंगाखाली कुठे दडलाय ते कोणाला आठवत नाही. पाइप मोकळा असला तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढून घेतात. तो चेंबलेला असला तर भिंतीवरून प्लॅस्टिकची पट्टी मारतात, आणि वायर पुन्हा भिंतीवर येते.

या नव्या पट्टीचं आम्हांला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं, की दिवा दुरुस्त होताना घरातलं कोणी उठतसुद्धा नाही. मेन स्विच कुठे आहे हे मुलांना ठाऊक नसतं, आणि तो बंद करण्याचा मान कोणाला हवासा वाटत नाही.

म्हणून नवं घर बांधणाऱ्यांना एक विनंती. प्लॅस्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजायची टेप लावून काढा, जमिनीपासून नि कोपऱ्यापासूनची अंतरं कागदावर लिहा आणि तो कागद डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, झाकणाआत चिकटवून ठेवा. मुलांना मेन स्विच दाखवा. आणि तूट शोधायला भिंत फोडायची वेळ आलीच, तर आधी मेन बंद करा. फेजची वायर तुटलेली असली तरी तिच्या एका टोकाला २३० व्होल्ट असतातच.