सुताराचा मुलगा

महालातील आमच्या वाड्याचे दार दुरुस्तीस काढिले, तेव्हा सुताराबरोबर त्याचा मुलगाही येई. एकदा सागवानाच्या तुकड्यावर त्याची पटाशी चाललेली पाहून आम्ही रागावलो, "अरे, पाचरेला झाला असता तो!" त्याने तुकडा मुकाट्याने पुढे ठेविला. अंगणातल्या कडुनिंबावर रोज दिसणारा सरडा! मान ताणलेली, लाकडाच्या रेषाच त्याने पाठीवर राखिल्या होत्या.

आम्हांस राम सुतार आठवले. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे 1925 साली सुताराच्याच घरी ते जन्मले. रामकृष्ण जोशी या गुरूंनी वाट दाखविली म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचले. पुढे त्यांनी गांधीसागर धरणाशी चंबळ नदीस दोन लेकरांची पंचेचाळीस फुटी आई केले. सरदारांचा 182 मीटरचा पुतळा जगास ठाऊक; आम्हांस ही नदीच अधिक भावते.

त्यांना जोशी भेटले. या पोराला आमची बोलणी! बाप म्हणाला, "साहेब, शिकवायला किती पडेल?" आम्हांस सांगता येईना. सोमवारी तिघेही येथील शासकीय चित्रकला महाविद्यालयात चौकशीस जाणार आहोत. सरडा बरोबर घ्यावा का, एवढेच मुलाने विचारिले आहे.