ताबा की सांभाळ?

बेगम पेठ असो की नई जिंदगी, सोलापुरात तलाक-खुल्याची बोलणी सुरू झाली की आम्ही सारे एकच विचारतो : मुलगा सात वर्षांचा झाला की बापाकडे जाणारच ना? हनफी फिकहाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, एवढे आम्हाला पाठ असते. पण १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय शरियतीबरोबर मुलाचे हितही पाहते, आणि अखेर हितालाच वजन देते. मूल समजते असेल तर त्याची मर्जीही विचारात घेता येते. सातवे वर्ष लागले म्हणून आपोआप काही घडत नाही.

दुसरा प्रश्न खर्चाचा. 'पोरं ठेव, पण पैसे मागू नकोस' असा सौदा आम्ही बैठकीत सहज करतो. मुलांच्या पोटगीचा हक्क आईच्या हक्काहून वेगळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात सांगितले. आईने सोडला म्हणून तो संपत नाही.

तसेच मूल आईकडे राहिले म्हणून बापाचे नाते तुटत नाही. न्यायालय भेटीचे दिवस ठरवून देते. मेहरसाठी किंवा रागापोटी मूल अडवून ठेवणे, ही शिक्षा मुलालाच होते.

ताबा आपण घराचा, शेताचा घेतो. मुलासाठी शब्द हिजानत आहे. त्याच्या मुळाशी कूस आहे. भांडायला बसण्यापूर्वी आम्ही एवढे तरी आठवावे.