कॅबिनेटवरचा आकडा

आमच्या उमेदीच्या काळात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर समोर एक छोटी काळी खिडकी असे आणि तिच्यात वेगाचा आकडा झळके. 33, 40, नाहीतर 66. शेजारी ‘टर्बो’चं बटण. घरी पाहुणे आले की ते हमखास दाबून दाखवलं जाई. खरं तर त्या बटणाचा उपयोग वेग कमी करण्यापुरताच होता. जुने गेम पहिल्या पीसीच्या वेगावर बेतलेले असत. नव्या मशिनवर ते इतके सुसाट पळत की खेळणाऱ्याला बोट हलवायलाही फुरसत मिळत नसे. आणि खिडकीतला आकडा? ती खिडकी काहीच मोजत नसे. मागे बारीक पिना असत, त्यांवर दुकानातल्या पोराने जंपर बसवले असतील तसा आकडा दिसे. त्याने 99 ठेवला असता तर आम्ही तोही मिरवला असता.

मी पाठ केलेला पहिला आकडा कॉलेजच्या लॅबमधल्या एक्सटीचा, 4.77 मेगाहर्ट्झ. हा असा अर्धामुर्धा आकडा का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आयबीएमने 1981च्या पीसीत, आणि पुढे एक्सटीतही, 14.318 मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल वापरला होता. त्याला चाराने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारी फ्रिक्वेन्सी मिळे, तिनाने भागलं की प्रोसेसरची. आतला 8088 पाच मेगाहर्ट्झला चालू शकत होता. टीव्हीच्या सोयीसाठी तो थोडा मागे राहिला, आणि आम्ही इकडे पुण्यात तो आकडा परीक्षेत लिहीत होतो.

त्याच सुमारास धाकट्या भावाच्या शाळेत ‘क्लास’ या सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो आले. 2 मेगाहर्ट्झचे. शेजारच्या काकांनी आखातातून झेडएक्स स्पेक्ट्रम आणला होता, साडेतीन मेगाहर्ट्झचा. शेजारचा बंड्या त्यामुळे फारच ताठ्यात असे. पण बेसिकमधला तोच लूप दोन्हीकडे चालवला की बीबीसी आधी मोकळा होई. बीबीसीतला 6502 सोप्यात सोपी सूचना क्लॉकच्या दोन ठोक्यांत उरकतो, स्पेक्ट्रममधल्या झेड80ला निदान चार लागतात. टिचभर पावलं भराभर टाकणाऱ्याला ढांगा टाकणाऱ्याने गाठावं, तसं हे. शिवाय बीबीसीचं बेसिकच जास्त चांगलं लिहिलेलं होतं. बंड्याला हे कधीच पटलं नाही.

पहिला अपग्रेड मी केला तो नोकरीतल्या एक्सटीवर. 8088 उपसून त्या जागी एनईसीचा व्ही20. पिना तेवढ्याच, सॉकेट तेच, क्लॉकही तोच. तरी वेग दाखवणाऱ्या नॉर्टनच्या ‘एसआय’ प्रोग्रॅममधला आकडा वर सरकला. लोटसमधली शीट मात्र पूर्वीइतकीच रेंगाळली, असं मला तरी वाटलं.

मग लॅमिंग्टन रोडचे दिवस. इंटेलचा 386डीएक्स 33 मेगाहर्ट्झवर थांबला होता आणि 1991मध्ये एएमडीने 40चा आणला. काउंटरवर हमरीतुमरी व्हायची: एएमडीचा चाळीसवाला घ्यावा की इंटेलचा 486एसएक्स, पंचवीसचा? आकड्यात फरक केवढा, पण प्रत्यक्षात दोघे जवळपास बरोबरीचे, कारण 486च्या पोटातच 8 केबीचा कॅश होता. मी चाळीसवाला घेतला. स्वस्त होता, हेच खरं कारण. पुढे सायरिक्सने तर चिपवर आकडाच वेगळा छापला: ‘पी200+’ म्हणायचं आणि चालायचं 150 मेगाहर्ट्झवर. ऑफिसच्या कामात ते दाव्याला उतरायचंही. दशांशाचं गणित आलं, म्हणजे ‘क्वेक’सारखा गेम आला, की मागे पडायचं.

पेंटियम फोरपर्यंत ही शर्यत चालली. 2004मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा बेत सोडला आणि कंपन्या कोअर मोजू लागल्या.

एवढ्या उलाढालीत मला जाणवलेले अपग्रेड दोनच, आणि दोन्हींत प्रोसेसरला हात लागला नव्हता. एक, सीडॅकचं जिस्ट कार्ड. ते खोचलं आणि डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरं उमटली. दुसरा, विंडोज 95 आल्यावर चार एमबीची रॅम सोळा केली तो. तोवर रॅम अपुरी पडून प्रत्येक क्लिकला हार्ड डिस्क करकरायची. ती करकर थांबली. आपण जिथे खोळंबतो तिथे पैसे घालावेत, ही अक्कल दुकानदाराकडे होती, पण नफा प्रोसेसरमध्ये असावा.

तो चाळीसवाला बोर्ड अजून माझ्याकडे आहे. तुमच्याही माळ्यावर त्या काळातला 286, 386 किंवा 486 पडला असेल, तर भंगारात देण्याआधी किंवा जपून ठेवण्याआधी एकदा उघडा. बोर्डावर घड्याळासाठी बहुतेकदा भुईमुगाच्या शेंगेएवढी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती कालांतराने गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती कापून काढा.